शेवटच्या चालीचं श्रेय

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या आमच्या गावात देवावर शंका घेतलेली चालते, फुटबॉलवर नाही; तोही चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकी फुटबॉल. त्यामुळे लोवेल कुबिचेक हा शाळेचा नवा कोच चालींचं जाडजूड बाड घेऊन आला, तेव्हा लोकांनी ते बायबलसारखंच स्वीकारलं. म्हणजे आदरानं, न वाचता. एकेका चालीचं नाव इतकं लांब, की ते उच्चारून होईपर्यंत समोरचा संघ पाणी पिऊन यायचा. पोरांनी आपल्याला हुशार मानावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा.

शुक्रवारी सामना संपत आलेला, आम्ही मागे, आणि गोलरेषा हातभर लांब. लोवेलनं बाहेरून खुणा करकरून एक भलीमोठी चाल कळवली. पोरांनी चेंडू पोटाशी धरला आणि सरळ मधून मुसंडी मारली. जिंकलो! सगळे लोवेलला मिठ्या मारायला धावले. त्यानंही त्या मारून घेतल्या.

सोमवारी रिवाजाप्रमाणे चर्चच्या तळघरात गावाला सामन्याचं चित्रण दाखवायचं. कॉफी, जर्दाळू भरलेले गोड कोलाची पाव आणि वर कोचचं निरूपण. शेवटची चाल पडद्यावर आली.

"ही कशी सुचली, कोच?" धान्यकोठीवाल्या एमिल स्वोबोदानं विचारलं.

"म्हणजे... साधेपणाचा आभास निर्माण करून..." लोवेल पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"नाव काय रे हिचं, ट्रेंट?" एमिलनं मागे वळून क्वार्टरबॅकला विचारलं. चेंडू त्याच्याच हातून जातो.

पोरगा बुटांकडे बघत उठला. "कोचचीच चाल आहे, आजोबा. नाव लांब आहे, लक्षात नाही राहत."

सगळे हसले. लोवेलचे कान तापले. पोरगं आपल्यापायी खोटं बोललं, तेही चर्चमध्ये.

"माझी नव्हती," तो म्हणाला. "मी भलतंच सांगितलं होतं. पोरांनी ऐकलं नाही, म्हणून जिंकलो."

एमिलनं कॉफीचा घोट घेतला. "ठाऊक आहे रे. 'नको, तसं नको!' म्हणून बोंबलत होतास. पार टपालकचेरीपर्यंत ऐकू आलं."

"मग एवढ्या मिठ्या कशाला मारल्यात?"

"म्हटलं, उगाच तुला अवघडल्यासारखं नको."

दुसऱ्या दिवशी सरावाला पोरं गोल करून उभी राहिली.

"आज कुठली चाल, कोच?" ट्रेंटनं अदबीनं विचारलं.

लोवेल गवताकडे बघत म्हणाला, "तूच सांग."