ओढ्याला विरजण

सकाळी शाळा भरली आणि पाठोपाठ अंबिका कॉलनीच्या ओढ्याचं दूध झालं. चांगलं दूध, साय धरणारं. लोखंडी पूल त्यात साखरेसारखा विरघळला. कठड्यावर कुणी वाळत घातलेली सतरंजी तेवढी वाहत जाऊन बाभळीला अडकली. लोकांनी गच्चीवरून पाहिलं आणि आत गेले. दूधवाला मात्र किटल्या आपटत परत फिरला, आणि त्याचा राग रास्तच होता.

हेमलता कासारची रेवा त्या वेळी पलीकडे शाळेत होती. चौथीत. आता पलीकडचा नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. दिवेलागणीपर्यंत ज्या पोराला घरचं माणूस घेऊन जात नाही, ते पोर त्या काठाचं होतं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता हो. तिकडची माणसं अशा मुलांना पोटभर जेवायला घालत, वेण्या घालत, आणि मुलांना इकडची घरं आठवेनाशी होत.

हेमलता धावत नगरपरिषदेत गेली.

"पूल गेला," ती म्हणाली.

"कळलं," कारकून म्हणाला.

"माझी मुलगी पलीकडे आहे."

"एकट्या बाईसाठी पूल होत नाही. कॉलनी ओढ्यावर उभी करा. संध्याकाळी मी येऊन बघतो."

"पण मी तिथं कुणालाच ओळखत नाही."

"किती वर्षं राहता?"

"अकरा."

कारकुनानं पहिल्यांदाच चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून त्यालाही दाखवलं.

या हेमलताला मागायचं म्हटलं की दरदरून घाम फुटायचा. बसमध्ये खिडकी उघडा म्हणायचं धाडस नव्हतं, उन्हात भाजत बसायची. शिवाय कॉलनीतलं प्रत्येक दार आपल्याविषयी काहीतरी जाणून आहे, असा तिला पक्का संशय होता. आता त्याच दारांवर जाऊन तोंड उघडायचं! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण काठावरून जाताना पलीकडे रेवा दिसली, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली.

"आई! कधी येतेस?"

"आलेच ग," हेमलता म्हणाली आणि कोपऱ्यावरच्या पहिल्या घराची कडी वाजवली.

ते ढवळेबाईंचं घर. ढवळेबाई एकट्या राहत आणि साखळी न काढता दार उघडत. फटीतून नाक आणि एक भुवई दिसली.

"कुठल्या पक्षाच्या?"

"कुठल्याच नाही. मी त्या टोकाची. कासार."

"मग काय विकता?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणारे घर धुऊन नेतात."

माझ्या मुलीसाठी ओढ्यावर या, एवढंच बोलायचं होतं. हेमलताने तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडावं?

"थोडं विरजण मिळेल का? आमचं संपलंय."

लगेच साखळी निघाली. निघणारच! दिवसाउजेडी आलेल्या बाईला विरजणाला नाही म्हणणारं घर अजून बांधलं गेलेलं नाही. ढवळेबाईंनी वाटीत चमचाभर दही घातलं आणि पुन्हा साखळी लावली. खरं तर हेमलताच्या ओट्यावर रात्रीचं गाडगंभर दही होतं, कवडीसारखं घट्ट. स्वतःच्या जिभेचा तिला असा संताप आला की काय सांगावं. पण पुढच्या दारातही तेच झालं.

पुढचं दार निकुंभांचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, बनियनवर सुद्धा पेन लावणारा. त्यांनी वाटीत वाकून पाहिलं.

"हे कुणाकडचं?"

"ढवळेबाईंचं."

"त्यांचं आंबट असतं. आमच्यात मिसळू नका," असं म्हणून त्यांनी आपला चमचा वाटीच्या दुसऱ्या कडेला ठेवला.

तिसऱ्या दाराला बघायचं भोक होतं. त्यातून डोळा बाहेर आला, हेमलताला वरपासून खालपर्यंत पाहून परत आत गेला.

"आम्ही भाडेकरू आहोत," आतून आवाज आला.

"भाडेकरूंकडेही दही असतं," हेमलता म्हणाली, आणि आपण असं बोललो याचं तिलाच नवल वाटलं. थोड्या वेळानं डोळ्याऐवजी चमचा बाहेर आला.

वाटी घेऊन ती काठाकाठानं दुसऱ्या गल्लीकडे निघाली, तेव्हा एक थेंब ओढ्यात पडला. पडला तिथं दूध ताटाएवढं घट्ट झालं. हेमलताने चप्पल काढून पाय ठेवून पाहिला. थोडं हललं, पण धरलं. तिच्या जिवात जीव आला.

"ओ, रेवाच्या आई," पलीकडून रेवा म्हणाली, "तुमचे पाय थंड पडतील."

हेमलताने चप्पल हातातच घेतली आणि ती घराकडे पळाली. उन्हं अजून छपरांवर होती. ती घरून पातेलं घेऊन आली, घाईत ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मग दार न् दार धरलं. प्रत्येक दारात म्हणाली, आमचं संपलंय. म्हणता म्हणता तिला ते सफाईनं म्हणता येऊ लागलं. कशासाठी हवंय ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यांनी दारं लावली असती, असा तिचा हिशेब.

आता बाई घरोघर फिरून पातेलंभर विरजण गोळा करते म्हटल्यावर कॉलनी गप्प बसते होय? एवढं विरजण, म्हणजे एवढं दूध. एवढं दूध, म्हणजे हिला कुठून तरी मिळतंय आणि आपल्याला नाही. संध्याकाळी ती ओढ्याकडे वळली, तेव्हा घरटी एक माणूस थोडं अंतर ठेवून तिच्या मागे चालत होता. ढवळेबाई घराला दोन कुलपं लावून सगळ्यांच्या पुढे होत्या. कुणी वळून पाहिलं की लोक आभाळाकडे बघत.

कारकूनही आला.

"कॉलनी आली का?" त्याने विचारलं.

"आली," निकुंभ म्हणाले.

"कशासाठी?"

"ही बाई काय करते ते बघायला."

"मग याला पाठिंबा म्हणता येत नाही," कारकून म्हणाला आणि रुमाल अंथरून दगडावर बसला.

हेमलताने पातेलं कलंडलं. ओढा इकडच्या काठापासून लागत गेला. प्रत्येक घराचा एक पट्टा. पहिला ढवळेबाईंचा, जरा पिवळसर. मग निकुंभांचा, पट्टीनं आखल्यासारखा सरळ. मग भाडेकरूंचा, आणि पुढे बाकीच्यांचे. लोक आपापला पट्टा ओळखून एकमेकांना दाखवू लागले. पलीकडचा काठ जवळ आला आणि पातेलं संपलं. शेवटचा एक पट्टा दूधच राहिला. उडी मारून जाण्याएवढा अरुंद नव्हता तो.

"हा कुणाच्या घराचा?" निकुंभांनी विचारलं.

"माझ्या," हेमलता म्हणाली.

"मग आणा की."

ती पळत घरी गेली. ओट्यावरचं गाडगं उचललं तर हाताला हलकं लागलं. आत दही नव्हतं. साय नव्हती, वासही नव्हता. कुंभारानं आत्ता आणून ठेवल्यासारखं कोरडं ठणठणीत गाडगं. दिवसभर दारोदार जे सांगितलं, ते घरानं ऐकलं होतं. ती गाडगं घेऊनच परत आली आणि दह्यावरून चालत शेवटच्या पट्ट्याशी जाऊन उभी राहिली. रेवा समोरच होती. तिच्या दोन वेण्यांची कुणीतरी एक वेणी घातली होती.

"काकू," रेवा म्हणाली, "तिथे उभ्या राहू नका. खचतं ते. तुम्ही कुणाला शोधताय?"

हेमलता वळली. अख्खी कॉलनी काठावर उभी होती आणि तिच्याकडे बघत होती. नेहमीचा घाम फुटला, कान तापले. तरी ती बोलली, आणि तेही ओरडून.

"मी तुमच्याशी खोटं बोलले! घरात दही होतं. मला विरजण नको होतं, तुम्ही हवे होतात. ती पोरगी माझी आहे. आता खरंच संपलंय हो. कुणीतरी एक चमचा द्या. तुमच्या पाया पडते!"



"सकाळीही असंच म्हणाली होती," भाडेकरू म्हणाला. त्याचा आवाज ओळखीचा होता, चेहरा सगळे पहिल्यांदाच पाहत होते.

"तिन्हीसांजा झाल्या," निकुंभ म्हणाले. "दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर जात नाही."

"अजून लागला नाही," कारकून दगडावरून म्हणाला. "हे मी निरीक्षण म्हणून सांगतो."

तेवढ्यात मागच्या गल्लीत एका घरी दिवा लागला. त्या घराचा पट्टा हेमलताच्या डावीकडच्या टोकापासून सैल झाला आणि वाहू लागला. मग आणखी एक. काठावरच्या बायका आपापल्या घरांकडे बघू लागल्या. घरी दिव्याला कोण आहे, हे जिचं तिला ठाऊक होतं.

ढवळेबाईंच्या घरी कुणीच नव्हतं. त्यांच्या एका हातात काड्यापेटी होती. दुसरा हात काठावर आल्यापासून पदराखाली होता, तो त्यांनी बाहेर काढला. त्यात वाटी होती, झाकण लावलेली. त्या दह्यावर उतरल्या. आपल्या पट्ट्यावरून, निकुंभांच्या पट्ट्यावरून, उरलेल्यांवरून पाय चाचपत त्या हेमलतापर्यंत आल्या आणि हातभर अंतरावर थांबल्या.

"खरंच संपलंय?"

"खरंच."

"दाखवा."

हेमलताने गाडगं पुढे केलं. ढवळेबाईंनी वाटी काखेत धरली, गाडगं दोन्ही हातांनी घेतलं, आणि त्यात तोंड घालून तळापर्यंत नीट बघू लागल्या. त्यांच्या मागे, निकुंभांच्या खिडकीत, दिवा लागला.