कोबीशेजारची कोरी जागा

चित्र वाळलं आणि श्यू जिंगवानच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, पोर उद्या सासरी निघालीय. आणि तुम्ही कोबी काढलात?"

"बांबूचे दोन कोंबही आहेत," गू बोहंग कुंचला धूत म्हणाला.

"आणि हा एवढा कोरा कागद?"

"तो तुझा."

दोघांचं लग्न झाल्यापासून हेच. तो चित्र काढायचा, कडेला जागा सोडायचा. ती चित्र बघत बसायची आणि तिथं कविता लिहायची. पण ही गुंडाळी नानचांगला, व्याह्यांच्या दिवाणखान्यात उलगडणार. पाहुणेरावळे मोठ्यानं वाचणार. आणि मुरलेली शाई काही पुसता येत नाही.

चिठोऱ्यावर, पहिल्यांदा:

    नावाड्या, नाव थांबव

खोडलं. विहीणबाई म्हणतील, एवढं होतं तर मुलगी दिली कशाला?

दुसऱ्यांदा:

    तिकडच्या थंडीत तुला कोण

पुढं हात चालेना.

तिसऱ्यांदा:

(काही नाही. नुसती चित्रातल्या कोबीकडे बघत राहिली. रुओलान लहानपणी हाच कोबी हळूच बापाच्या वाडग्यात ढकलायची. बाप मुकाट्यानं खायचा. त्यानं नेमका तोच काढला होता.)

मग तिनं थेट चित्रावरच कुंचला टेकवला. अगदी कडेला, बारीक अक्षरांत:

    हिंव पडून भाजीला आली पुन्हा गोडी;
    कोंबांची मी सोलली सकाळीच जोडी.
    तुझ्या नव्या चुलीवरचा वास कसा असतो?
    घाई नको, सांग मला थोडी थोडी थोडी.

रुओलाननं वाचलं. "आई, एवढंच? केवढी जागा उरलीय!"

"ती तुझी. उत्तर लिहायचं. गोडी, जोडी, थोडी, हीच यमकं याच क्रमानं."

"म्हणजे तुला वाचायला चित्रच इकडं पाठवावं लागणार."

"मग? मी काय वेगळं सांगतेय?"

"आणि तू त्यावर पुन्हा लिहिणार."

"लिहीन की."

"कागद संपला तर?"

"पुढं जोडू," बोहंग म्हणाला. "खळ मी करतो."

रुओलान हसली, नाक पुसलं आणि कुंचल्याकडे हात नेला. "गोडीवरची ओळ सुचलीसुद्धा—"

जिंगवाननं तिच्या हातावर चापट मारली.

"आत्ता नाही. तिकडं गेल्यावर."