दोन खोल्यांमधलं भोक

मार्केला कुठल्याही घराचा नकाशा काढण्याआधी त्या घरात दोन दिवस राहायची. नुसती राहायची. सोबत घडीची खाट, वही आणि मोजपट्टी. सकाळचं ऊन कुठून येतं, वारा सुटला की कुठलं दार आपटतं, पाय आपोआप कुठे वळतात, हे सगळं बघून मगच ती पेन्सिल हातात घ्यायची. ग्रीसमधल्या बेटांवरची घरं पाहुण्यांसाठी सजवून देण्याचं काम ती बावीस वर्षं करत होती, आणि या दोन दिवसांवरून घरमालकांशी तिची दर वेळी हुज्जत व्हायची.

किमोलोस बेटावरच्या झानिसनंही ती घातलीच. झानिस अडुसष्ट वर्षांचा. चौदाव्या वर्षी मालवाहू जहाजावर चढला, तो इंजिनिअर होऊन निवृत्त झाल्यावरच कायमचा उतरला. आईचं गावातलं जुनं घर आता त्याला उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायचं होतं.

"राहून काय बघणार आहात?" तो म्हणाला. "मधली भिंत पाडायची, दोन खोल्यांची एक करायची, पुढे मोठी काच. सगळं पांढरं. पाहुण्यांना तेच लागतं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"फोटो बघतो ना मी फोनवर. सगळी घरं तशीच आहेत."

"तेच तर. सगळी तशीच आहेत. दोन दिवस द्या मला."

"घ्या बाई. टाकी अर्धीच भरलीय, पाणी बेतानं वापरा."

पहिल्या दुपारी ती आतल्या खोलीत जमिनीवर बसून मापं घेत होती, तेव्हा तिला ते भोक दिसलं. मधल्या भिंतीत, गुडघ्याच्याही खाली, मुठीएवढं. चुन्याच्या थरांवर थर चढून जवळजवळ बुजलेलं. तिनं पेचकसानं चुना खरवडला, तर आत ऑलिव्हच्या लाकडाची गोल कड निघाली. भोक थेट पलीकडच्या खोलीत उघडत होतं. म्हणजे ही उंदराची करामत नव्हती. कुणीतरी मुद्दाम, निगुतीनं केलेलं काम होतं.

संध्याकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात तिनं विषय काढला. दुकानवाली कालिरोई हातातलं काम सोडून पुढे आली.

"दिव्याचं असेल. एका दिव्यात दोन खोल्या. रॉकेल काय फुकट मिळायचं?"

"दिवा गुडघ्याखाली कोण ठेवतं?"

"मग मांजराचं."

"मुठीएवढ्या भोकातून मांजर जाईल?"

"तेव्हा आमच्याकडची मांजरंही उपाशीच असायची," कालिरोई म्हणाली.

शेजारी बसलेल्या झानिसनं टोमॅटो-कांदा लावून भाजलेल्या लादेनिया पावाचा तुकडा तोंडात टाकला. "कशाला डोकं शिणवताय, बाई? भिंत गेली की भोकही जाईल."

पण मार्केलाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या लाकडी कडेवरून बोट फिरवलं. खालच्या बाजूला बोटभर रुंद खाच पडली होती, गुळगुळीत. दोरीनं झिजलेली. वर्षानुवर्षं ओढलेली दोरी. मग ती बाहेरच्या खोलीत गेली आणि खिडकीजवळची फरशी ओल्या फडक्यानं पुसून काढली. फरशीवर चार खळगे होते. इथे काहीतरी जड उभं असणार. माग असेल का? भोकापासून हे अंतर बसलेल्या माणसाचा पाय पोहोचेल एवढंच. तिनं भोकातून सुतळी ओवली, पलीकडच्या टोकाला रिकामी बादली बांधली, अलीकडे स्टुलावर बसली आणि पायानं सुतळी ओढली. पलीकडे बादली सरकली.

ती तशीच उठून झानिसकडे गेली. "तुमच्या आईला ओळखणारं कुणी आहे अजून?"

"मावशी आहे ना, आंजूला. वरच्या गल्लीत. पण ती काल काय जेवली तेही विसरते."

"मला कालचं नकोच आहे."

दोघं वर गेली तेव्हा आंजूला मावशी उंबऱ्यात बसून रानभाजी निवडत होती. मार्केलानं भोकाबद्दल विचारलं, तेव्हा म्हातारी गालात हसली.

"दोरी पायाच्या अंगठ्याला असायची. माग वाजायचा खटाखट, त्यानं पोर उठायचं. म्हणून पाळणा पलीकडे ठेवला. हात मागावर, पाय दोरीत."

"भोक कुणी पाडलं?"

"तिनंच. नवरा समुद्रावर. सुताराची छिन्नी मागून आणली नि पाच दिवस ठोकत बसली. गल्ली म्हणायची, हिला वेड लागलंय."

"पाळण्यात कोण होतं?"

मावशीनं हनुवटीनं झानिसकडे दाखवलं. "हा. दुसरं कोण? पाय जरा थांबला की गळा काढायचा."

झानिस भिंतीला टेकून उभा होता. "मला कुणी सांगितलं नाही कधी."

"सांगायला तू होतास कुठे? ती गेली तेव्हा तरी कुठे होतास?"

"वाल्पारायसोला. चिलीत," तो हळूच म्हणाला.

मार्केला खाली बसली आणि मावशीसोबत भाजी निवडू लागली.

घरी परतल्यावर झानिस बराच वेळ भोकाशी उकिडवा बसून होता. मग गुडघे धरत उठला. "भिंत राहू द्या. पण मग पाहुण्यांचं न्हाणीघर कुठे बसवणार?"

"मागच्या कोठारात. आणि हे बघा," मार्केलानं वही उघडली. "मागाच्या जागी सकाळचं ऊन येतं, तिथे लांब दगडी बाक आणि टेबल. तुमच्या आईनं पाळण्यासाठी घरातली सगळ्यात शांत जागा शोधली होती, पाहुण्यांची खाट तिथेच. मला वेगळं काही शोधायचंच नाही."

"आणि काच?"

"खिडकीएवढी."

"रंग तरी पांढराच हवा मला."

यावर दोघांची अर्धा तास जुंपली आणि मार्केला हरली.

जूनमध्ये पहिले पाहुणे आले. आठवड्यानं झानिसचा फोन आला, तेव्हा मार्केला दुसऱ्या बेटावर एका विचित्र जिन्याच्या पायऱ्या मोजत होती.

"दहा-दहा वाजेपर्यंत झोपतात हो ही माणसं. नाश्ता थंड होतो."

"मग उशिरा करा."

"करतो." मग म्हणाला, "मी हल्ली रोज दुपारी मावशीकडे जातो. आई विणताना गायची म्हणे. काय गायची ते मावशीला आठवत नाही. आज नाही आठवलं. उद्या पुन्हा विचारतो."