अंजिरांची फिर्याद

पोलीस ठाण्यात जायचं म्हणून आसुन्ताने मयताला जाताना घालायचा काळा झगा अंगात चढवला, कानात सोन्याचे डूल अडकवले आणि भर सकाळी चौकाच्या दिशेने निघाली. पिएत्रास्कुरा गावात ठाण्याची पायरी सहसा कुणी चढत नाही. गावात चोरी झाली की आधी चोर कोण ते ठरतं, मग त्याच्या आईच्या कानावर घातलं जातं, आणि ती माउली पुढे जे करते त्यापुढे पोलीस म्हणजे किस झाड की पत्ती. पण रोकीनाची आई वारून चाळीस वर्षं झाली होती आणि खुद्द रोकीनाच आता अठ्ठ्याहत्तरची होती. तिचं गाऱ्हाणं सांगणार कुणाला?

रोकीना म्हणजे आसुन्ताची शेजारीण, भिंतीला भिंत. आसुन्ता लग्न होऊन त्या गल्लीत आली त्या आठवड्यापासून दोघी भांडत आल्या होत्या. केर कुणी कुणाच्या दारात लोटला, वाळत घातलेल्या चादरीचं पाणी कुणाच्या डोक्यावर गळलं, कुणाच्या टोमॅटोच्या रसाला आंबूस वास येतो, विषय कधी कमी पडले नाहीत. दोघींचे नवरे या भांडणांना कंटाळूनच एकामागोमाग देवाघरी गेले असं गाव म्हणायचं. ऑगस्ट आला की मात्र दोघी एकाच मोठ्या पातेल्यात वर्षभराच्या रसाच्या बाटल्या उकळायच्या. रोकीनाच्या मुलाचा, दोनातोचा, बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याला हातांवर घेऊन उभी होती तीही आसुन्ताच.

तोच दोनातो आता दूर उत्तरेतल्या तोरीनो शहरातून गाडी घेऊन आला होता. गेल्या वसंतात रोकीना जिन्यात घसरून पडली, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून पोराने फोनवर एकच धोशा लावला होता, की आई, तू एकटी राहायचं नाहीस. शुक्रवारी तो तिला कायमची घेऊन जाणार होता. त्याचंही चूक नव्हतं बिचाऱ्याचं. पण रोकीना! ती बया गल्लीभर मिरवत सुटली होती. "लिफ्ट आहे म्हणे, नुसतं बटण दाबायचं. न्हाणीघरात टब आहे, हा एवढा लांब!"

आसुन्ताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पन्नास वर्षांच्या शेजाराची किंमत काय, तर एक टब! चरफडणं संपलं तेव्हा तिला खरं काय ते कळलं. तिला भीती वाटत होती. गल्लीतली बाकीची घरं कुलूपबंद होती, पोरं जर्मनीला, म्हातारी माणसं टेकडीवरच्या दफनभूमीत. रोकीना गेली की सकाळी खिडकी उघडून ओरडायचं तरी कुणावर? "राहा गं" असं सरळ म्हणायला मात्र तिची जीभ रेटेना. पन्नास वर्षांत ती असं काही बोललेली नव्हती, आणि आता बोलली असती तर रोकीनाने डॉक्टरला बोलावलं असतं.

अशात तिने टीव्हीवरच्या मालिकेत एक इन्स्पेक्टर पाहिला. तो एका गुळगुळीत केसांच्या माणसाला म्हणत होता, "चौकशी पूर्ण होईपर्यंत गाव सोडायचं नाही." आसुन्ता खुर्चीत ताठ बसली. मंगळवारी सकाळी ती ठाण्याच्या फाटकावरची घंटी दाबून उभी होती.

"कोण?" यंत्रातून आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

"नऊ वर्षं गावात राहता आणि आवाज ओळखत नाही? उघडा फाटक!"

ठाणेदार पिरास सार्दिनिया बेटावरचा. नऊ वर्षं झाली तरी गावाच्या लेखी तो परकाच होता. त्याने आसुन्ताला खुर्ची दिली, तिचे डूल पाहिले आणि प्रकरण गंभीर आहे हे ओळखलं.

"ओळखपत्र आणलंय?"

"अहो, नाताळात माझ्या हातच्या करंज्या खाल्ल्यात, तेव्हा नाही विचारलंत ओळखपत्र!"

"नियम आहे, आसुन्ताबाई. बरं, राहू दे. काय झालं?"

"चोरी. चोर रोकीना. लिहा. आणि खाली ठळक अक्षरांत लिहा, तिने गाव सोडायचं नाही."

ठाणेदाराने पेन खाली ठेवलं. शुक्रवारी कोण जाणार आणि टब किती लांब आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

"असं कुणाला डांबून ठेवता येत नाही," तो शक्य तितक्या मऊपणे म्हणाला. "तोरीनोलाही पोलीस आहेत, पोस्ट आहे. रोकीनाबाई तिकडून उत्तर देतील. टबात बसून देतील."

"टीव्हीवर तर..."

"टीव्हीवर खूनही पाऊण तासात उलगडतो. जा घरी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

आसुन्ताचं तोंड उतरलं. पण डूल घालून चौकातून आलेली बाई परत जाणार कशी? न्हाव्याच्या दुकानातून चार डोकी तिला आत शिरताना बघत होती, त्यातलं एक अर्धं भादरलेलं.

"तरी लिहा," ती म्हणाली.

"खोटी फिर्याद दिलीत तर आत तुम्ही जाल, हं."

"खोटी? अहो, ती काय चोरत नाही ते विचारा! माझी पिठाची चाळणी, दोनातोच्या लग्नाच्या वर्षी. आमच्या ह्यांची शिडी. शिडीचं तर ती सरळ म्हणते, की तुझ्या नवऱ्याने मला दिली. का दिली, ते मी मेल्यावर त्यालाच विचारणार आहे."

"तेवढं जुनं चालत नाही. गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत फिर्याद द्यावी लागते."

"तीन महिने! कायदा करणाऱ्याला शेजारीण नसावी." आसुन्ता विचारात पडली आणि एकदम उजळली. "अंजीर! परवा रविवारी, मी चर्चमध्ये असताना. माझ्या झाडाची एक फांदी तिच्या अंगणावर गेलीय. ती बोडकी केलीन."

ठाणेदाराने उसासा टाकला. "इथे एक मेख आहे. फांदीवरून आपोआप गळलेलं फळ ज्याच्या अंगणात पडेल त्याचं. तोडलं असेल तर चोरी. आता सांगा, गळले की तोडले?"

"रोकीनाच्या अंगणात अंजीर गळायला उसंतच मिळत नाही! टोकाला चिरलेला बोरूचा दांडा आहे तिच्याकडे, हा एवढा लांब. त्याने पिरगळून काढते."

"रविवारी काढताना पाहिलं कुणी?"

"अख्ख्या गल्लीने."

"गल्लीत राहतं कोण?"

"मी."

"आणि तुम्ही तर चर्चमध्ये होतात." ठाणेदार उठला. "पुरावा नाही, साक्षीदार नाही. चला, कॉफी घेऊ आणि विषय संपवू."

तो कॉफीचा डबा काढायला कपाटाकडे वळला आणि तिथेच फसला. डब्याच्या शेजारी काचेची बरणी होती. तिच्या झाकणावर निळ्या चौकड्यांचं फडकं आणि त्याला घट्ट सुतळी. असं फडकं आणि अशी गाठ पिएत्रास्कुरात एकच बाई बांधते.

"ते काय आहे?" आसुन्ताने अगदी साखर पेरून विचारलं.

"हे? मुरांबा. काल रोकीनाबाई आल्या होत्या. जाण्याआधी आठवण म्हणून..."

"कशाचा?"

ठाणेदाराचे कान लाल झाले.

"कशाचा मुरांबा, ठाणेदारसाहेब?"

"अंजिरांचा."

"तिच्याकडे अंजिराचं झाड आहे?"

"नाही."

"आणि अर्धी बरणी संपलीय." आसुन्ताने हाताची घडी घातली. "चोरीचा माल घेणं, वर तो पावाला लावून खाणं, हा गुन्हा असतो का हो? की सार्दिनियात चालतं?"

ठाणेदार मुकाट्याने येऊन बसला आणि लिहायला लागला. नाव, जन्मगाव, वडिलांचं नाव, अंजिरांचा प्रकार. त्याने सगळं वाचून दाखवलं, तिने चष्मा लावून सही केली. मग मुरांब्याची बरणी खणात सरकवून त्याने फोन उचलला. दोघींना समोरासमोर बसवून दुपारच्या जेवणाआधी मिटवून टाकू, असा त्याचा बेत होता.

दोनातो आईला घेऊन आला तो वादळासारखाच. "मावशी! अंजिरांसाठी माझ्या आईला पोलिसात खेचलंस? अगं, तू मला बाप्तिस्म्याला हातांत धरलं होतंस! सांग, काय भरून देऊ? टोपली देऊ? अख्खं झाड विकत घेऊ?"

आसुन्ताने उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. पण तिची नजर रोकीनावर गेली. रोकीना घरातल्या सपातांवरच आली होती, अंगात स्वयंपाकाचा एप्रन तसाच. मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरून ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, आणि गप्प होती. पन्नास वर्षांत आसुन्ताने रोकीनाला बरंच काही करताना पाहिलं होतं, पण गप्प बसलेली कधी पाहिली नव्हती.

आपण हे काय करून बसलो? जाणाऱ्या माणसाच्या हातावर दही ठेवायचं सोडून आपण तिला चोर म्हणून उभं केलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डूल काढून पिशवीत टाकावेसे वाटले.

"फाडा तो कागद," ती म्हणाली. "मागे घेते मी फिर्याद."

"देव पावला!" ठाणेदार म्हणाला.

"जा बाई," आसुन्ता रोकीनाकडे न बघता म्हणाली. "जा, बस त्या टबात. मला वाटलं होतं पोलिसांनी अडवलं तर एखादा महिना तरी राहशील. तू गेल्यावर मला करमणार नाही, झालं. आता हस."

रोकीना हसली नाही. दोनातोने घसा खाकरला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

ठाणेदाराने चटकन दुसरा कागद पुढे केला. "नुसता फाडून चालत नाही. आसुन्ताबाई, फिर्याद मागे घेत असल्याची तुमची सही इथे. आणि रोकीनाबाई, ते मान्य असल्याची तुमची इथे. की झालं."

आसुन्ताने सही केली. रोकीनाने पेन हातात घेतलं, कागद जवळ धरून वाचला, लांब धरून वाचला, आणि आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आणि मला मान्य नसेल तर?"

"असं कुणी करत नाही, बाई."

"पण केलं तर?"

"तर..." ठाणेदार अडखळला. "ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच नकार दिला तर फिर्याद मागे घेता येत नाही. खटला चालतो. पण कशाला उगाच..."

रोकीनाने पेन टेबलावर ठेवलं. "चालू द्या."

"आई!"

"आई काय आई? मागे घेतली म्हणजे काय झालं? म्हातारीने चोरी केली, पण दया येऊन सोडून दिली! अठ्ठ्याहत्तर वर्षं या गावात मान वर करून जगले मी. आता हा डाग घेऊन तुझ्या तोरीनोला येऊ? तुझ्या सासूसमोर बसून जेवू?"

"तिथे कुणाला कळणार आहे, आई!"

"मला कळेल ना. निकाल लागून माझं नाव स्वच्छ होईपर्यंत मी या गावाबाहेर पाऊल टाकणार नाही."

आरोपीने कुठेही राहावं, कायद्याची हरकत नसते, हे सांगायला ठाणेदाराने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने रोकीनाकडे पाहिलं. ती दोनातोच्या पाठीआडून त्याच्याकडे एकटक बघत होती, आणि त्या बघण्यात जरब होती, विनवणीही होती. ठाणेदाराने तोंड मिटलं, टेबलावरचे कागद उगाच सारखे केले आणि म्हणाला, "आरोपी गावात असलेला बरा असतो. कामाच्या दृष्टीने."

आसुन्ता आ वासून बघत राहिली. लिफ्ट, बटण, टब, एवढ्या मोठ्याने गल्लीभर कुणासाठी सांगत होती ही? पोराचं मन मोडवत नाही म्हणून हो म्हणून बसली, आणि ते हो गळ्यात अडकलं म्हणून ओरडत सुटली? आणि आपण मूर्ख, आपल्याला खिजवतेय म्हणून खिडकी आपटून लावत होतो.

"पण तू एकटी राहणार कशी?" दोनातोचा आवाज आता रडवेला झाला होता. "परत पडलीस तर?"

"एकटी कुठे? फिर्यादी शेजारीच राहते. तिला माझ्यावर डोळा ठेवायलाच हवा, हो की नाही गं?"

"रात्रंदिवस ठेवीन," आसुन्ता म्हणाली. "चोरांचा काय भरवसा!" तिचा आवाज चिरकला, पण ते दोनातोच्या लक्षात आलं नाही.

दोनातोने आईकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि हात टेकल्यासारखा खुर्चीत बसला. "किती दिवस चालेल हे, साहेब?"

ठाणेदाराने छताकडे बघत हिशेब मांडला. जिल्ह्याचं कोर्ट, तिथे तुंबलेली प्रकरणं, बदली होणारे न्यायाधीश, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, तारखांवर तारखा, आणि वर अपील. "घाई केली तरी," तो म्हणाला, "पाच-सहा वर्षं."

दोनातोने कपाळाला हात लावला. रोकीनाने मनात काहीतरी मोजलं, स्वतःचं वय आणि आसुन्ताचंही असावं, आणि टेबलावर पुढे झुकून तिने आवाज खाली आणला.

"बघा ना ठाणेदारसाहेब," ती म्हणाली, "अजून थोडं लांबवता येतं का."