तिघींनी विणलेलं थान

या बायांनो, अशा जवळ सरका, पाय मोकळे सोडा. गोष्ट लहान आहे, पण पोटभर आहे.

एक विणकरीण होती. नवरा गेलेला, पदरात दोन लेकरं, घरात एक माग, तोही व्यापाऱ्याचा. आठ दिवसांत कापडाचं अख्खं थान पुरं करायचं, आणि पायरीवरून घसरून हिचं उजवं मनगट मोडलं. थान चुकलं तर माग दुसऱ्या घरी जाणार. मग लेकरांच्या तोंडात काय घालायचं?

शेजारची कुंभारीण आणि म्हातारी सुईण न बोलावता आल्या.

"सरक गं," कुंभारीण म्हणाली. "धागेच ना? डोंगर तर नाही उचलायचा!"

धोटा फेकायचा, फणी ओढून धागा ठोकायचा. दिसायला सोपं. पण कुंभारणीचा हात चिखल तिंबणारा; वीतभर कापड फळीसारखं झालं. मग सुईण बसली. तिचा हात ओलं बाळ झेलणारा. पुढची वीत चाळणीसारखी.

"म्हातारे, यातून पीठ चाळू का?"

"चाळ की! तुझ्या विणीवर भाजी चिरते मी."

तिघी खदखदून हसल्या, आणि हसता हसता विणकरणीला रडू फुटलं. दोन्ही विती उकलाव्या लागल्या.

सुईणीनं पदरानं तिचे डोळे टिपले. "पोरी, बाळंतिणीला कळा मी देते का? मी नुसता ताल धरते. विणताना तू देवाचं नाव घेतेस ना? तसंच घे, तेवढ्याच जोरानं. हात आमचे चालतील."

विणकरीण मागाशेजारी बसली. 'देवा' म्हटलं की धोटा, 'सांभाळ' म्हटलं की ठोका. नावात जेवढा दाब, फणीला तेवढाच. पहिला दिवस उकलण्यातच गेला. तिसऱ्या दिवशी हात वळणावर आले.

आठव्या दिवशी व्यापाऱ्यानं थान उन्हाला धरलं, बोटं फिरवली. मग तिच्या बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. "कुणी विणलं?"

खोटं ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं. "आम्ही तिघींनी."

"वीण तर एकाच हाताची आहे," तो म्हणाला, आणि त्यानं पुढच्या थानाचं सूत मागाशी ठेवलं.

हे सांगायला ती कुंभारणीकडे धावली. अंगणात मडक्यांसाठी तिंबलेला चिखल आठ दिवसांत वाळून दगड झालेला, आणि कुंभारीण वाकून तो फोडत होती.

"अगं, बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर बसू दिलं असतंस मला मागावर?"

बायांनो, आज हात जोडाल तेव्हा त्या कुंभारणीची तेवढी आठवण ठेवा.