पहिला उकार ऱ्हस्व

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला रुग्णालयाच्या वेबसाइटवर कुणीतरी ‘मुत्रपींड’ असं टाइप केलं आणि पडद्यावर उत्तर आलं : काहीही सापडले नाही. त्याच माणसानं तीन मिनिटांत आणखी चार वेळा तोच शब्द टाकला. चारही वेळा तेच उत्तर.

वेबसाइट सांभाळणारीनं ती नोंद व्यवस्थापकांना दाखवली. आठवड्यात तीनशे अठरा शोध, त्यांतले दोनशे चार रिकामे.

“मग ती शोधाची चौकटच काढून टाका ना, मॅडम,” व्यवस्थापक म्हणाले. “लोकांना सापडत नाही आणि शिव्या मला बसतात.”

“सोमवारी चारपर्यंत वेळ द्या, सर.”

“चार म्हणजे चार.”

चौकट गेली असती, तर लोकांना दोनशे पानं एकेक करून चाळावी लागली असती. प्रत्येक पानामागे पर्यायी शब्दांसाठी एक जागा होती; तिथला शब्द टाकला तरी ते पान सापडायचं. ती आजवर कुणी भरलीच नव्हती. त्या संध्याकाळी ती विभागांची यादी घेऊन घरी गेली आणि वडिलांसमोर ठेवली. वडील निवृत्त मुद्रितशोधक.

“या प्रत्येक शब्दाच्या होतील तेवढ्या चुका लिहून द्या, बाबा.”

“चाळीस वर्षं ज्या खोडल्या, त्या आता लिहून देऊ?”

“खोडल्यात म्हणून तर तुम्हाला पाठ आहेत.”

त्यांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि कागद ओढला. शनिवार गेला, रविवारचं जेवण निवलं. ते सांगत होते, ती भरत होती.

“थांब. पिंडाची वेलांटी दीर्घ कर. ती चूक वेगळी, ही वेगळी. चूक लिहितानाही चुकायचं नाही.”

निकालाचं पानही तिनं मोडून नव्यानं मांडलं. पूर्वी तिथं फक्त पानाचं नाव आणि ते चढवल्याची तारीख दिसे. आता विभाग, मजला, वेळ आणि फोन नंबर, ठसठशीत. सगळ्यात वर एक ओळ : ‘तुम्हाला मूत्रपिंड म्हणायचे आहे का?’

वडिलांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही काढ.”

“का? शुद्ध आहे की.”

“ज्याचं माणूस आत पडलंय, त्याला वेलांटी काय दाखवायची?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्म्याचं घर शोधत होते. तिनं ओळ काढली.

सोमवारी चारपर्यंत एकाहत्तर शोध झाले. रिकामे तीन.

“आकडे कसेही निघतात,” असं म्हणत व्यवस्थापकांनी खुर्ची पुढे घेतली. “मी बघतो. आमच्या मेहुण्याचं एक विचारायचंय.” त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला, दाराकडे एक नजर टाकली आणि दोन बोटांनी टाइप केलं : मुळव्याध.

निकाल आला. शस्त्रक्रिया विभाग, दुसरा मजला, सोमवार आणि गुरुवार, चार ते सहा.

व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचलं. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेचार वाजत होते.

“आज सोमवारच ना?”

“हो, सर.”

“मेहुण्याला कळवतो,” ते म्हणाले आणि बेतानंच उठले.

ते गेल्यावर तिनं घरी फोन लावला.

“बाबा, साहेबांना सापडलं! मूळव्याध.”

“कसं लिहिलं त्यांनी?”

“पहिला उकार ऱ्हस्व.”

“आपल्या यादीतली सहावी चूक,” वडील म्हणाले. मग त्यांनी फोन बाजूला धरून घरात कुणालातरी मोठ्यानं सांगितलं, “सहावी लागली गं!”

ती हसत राहिली. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली, तरी हसत राहिली.

सहाला ती निघाली तेव्हा चौकट जागेवर होती. ती राहणार की जाणार, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. व्यवस्थापकांच्या खोलीत दिवा चालू होता, आणि खुर्ची रिकामी.