इसोझाकींचा गुरुवारचा डबा

मी एक जुना जेवणाचा डबा आहे, मित्रांनो. बाहेरून काळा, आतून तांबडा. कारागिराने माझ्यावर लाखेचे थर चढवले आणि झाकणाच्या आत सोनेरी अक्षरांत नाव काढले, इसोझाकी. कुझुमाकी गटातल्या प्रत्येक खासदाराच्या नावाचा असा एक डबा होता.

पक्ष एकच, पण त्यात गट कितीतरी. टोकियोत संसदेजवळच्या कचेऱ्यांमध्ये दर गुरुवारी दुपारी प्रत्येक गट आपापले दार लावून जेवायचा. कोण कुणाचा माणूस, हे भाषणांवरून नाही, तर तो कुठे जेवतो यावरून ठरायचे. आमच्या कचेरीतल्या किनुएबाई आम्हा डब्यांना भरून ओळीने मांडायच्या. इसोझाकी बर्फाळ उत्तरेकडचे, अबोल, माझ्यात एक शीतही न ठेवणारे. मला त्यांचा फार अभिमान वाटे. गटात मंत्रिपद पाळीपाळीने मिळे, आणि वीस वर्षे थांबल्यावर आता त्यांची पाळी आली होती.

नेमकी तेव्हाच विरुद्ध गटाचे प्रमुख हाताकेनाका यांची पत्नी वारली. ते आणि इसोझाकी एका शाळेतले. इसोझाकी गुरुवारी त्यांना भेटायला त्यांच्या कचेरीत गेले. त्यांच्याकडे जेवण थोडे आधी असे. हाताकेनाकांनी स्वतःच्या हाताने डबा पुढे केला. दुःखातल्या माणसाचा हात मागे लोटणे इसोझाकींना जमले नाही.

मग ते घाईने आमच्याकडे आले. चार घास कसेबसे गिळले आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. मी जवळजवळ भरलेलाच राहिलो. गटप्रमुख कुझुमाकीसाहेबांची नजर माझ्यावर पडली.

“इसोझाकी, आज भूक नाही?”

खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. “हाताकेनाकांना भेटायला गेलो होतो, साहेब. त्यांनी पुढ्यात ठेवलं. नाही म्हणता आलं नाही.”

“अरे वा. म्हणजे तुझं पोट भरलंय म्हणायचं.”

सगळे हसले. मला वाटले, विषय संपला.

मंत्र्यांची नावे जाहीर झाली. त्यांत इसोझाकी नव्हते. पुढच्या गुरुवारी ते नेहमीच्या जागी येऊन बसले. मी कपाटात होतो.

“तुमचा भरू नका असं सांगितलंय, साहेब,” किनुएबाई खाली बघत कुजबुजल्या.

इतरांचे जेवण आटपेपर्यंत ते रिकाम्या मेजासमोर मांडीवर हात ठेवून बसून राहिले. कोणी मान वर केली नाही. कपाटाच्या फटीतून मला सारे दिसत होते आणि काहीच करता येत नव्हते.

निवडणुकीत गटाचे कोणी त्यांच्या प्रचाराला फिरकले नाही. ते पडले, आणि त्याच हिवाळ्यात गेले. किनुएबाईंनी मला कापडात गुंडाळून त्यांच्या पत्नीकडे, फुमिबाईंकडे पोहोचवले.

काही दिवसांनी कुझुमाकीसाहेब भेटायला आले. उदबत्ती लावली, हात जोडले, निघाले. तेवढ्यात फुमिबाईंनी मला गरम भाताने भरून त्यांच्यापुढे ठेवले.

“आत्ताच जेवून आलोय, वहिनी.”

“यांनाही नाही म्हणता आलं नव्हतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बसा. इथे जेवलात म्हणून तुमचा डबा कोणी बंद करणार नाही.”

साहेब बसले. झाकण उघडून त्यांनी नाव वाचले. मग एकेक घास करत मला पूर्ण रिकामे केले. फुमिबाई शेवटच्या घासापर्यंत समोर बसून होत्या.

आता तो गटही मोडला. मी फळीवर पडून आहे, माझी लाख उडते आहे. उडू दे, मित्रांनो. मला कोणी पुसले नाही तरी चालेल. पण पंगतीत एखाद्याच्या पुढ्यात काहीच आले नसेल, तर मान खाली घालून जेवत बसू नका.